बोरूची भिंत

“खाली उतर आधी! तुझ्या बापानं बांधलीय का भिंत?”

ग्वीचिन म्हातारीच्या आवाजानं ड्रायव्हर यान टुणकन खाली आला. गोबीच्या वाळवंटातल्या या पडक्या लष्करी गढीची ती एकोणीस वर्षं राखणदार होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाशी तिचं उभं वैर होतं. आज तालुक्याहून होउ साहेब नवी पाटी घेऊन आले होते.

“पाटी पोचली म्हणून इथे अंगठा दे,” साहेब म्हणाले.

“काय लिहिलंय?”

“तुला काय करायचंय?”

“न ऐकता अंगठा द्यायला दूधखुळी समजलात का मला?”

शेवटी यानने वाचलं. ‘बोरूच्या वाळक्या काड्या आणि मातीच्या थरांची ही दोन हजार वर्षांपूर्वीची भिंत. अडाणी गावकऱ्यांनी जळणासाठी बोरू उपसल्याने उत्तर बाजू ढासळली.’

ग्वीचिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “गावकऱ्यांनी नाही. एकटीनं. माझ्या आईनं!”

“वा! चोराची मुलगीच राखणीला ठेवली आम्ही!”

“चोर? उपासमारीचं साल होतं ते. मी पाच वर्षांची. पोटात कण नाही, वर हाडं फोडणारी थंडी. झोपायच्या मातीच्या ओट्याखालच्या चुलीत तिनं तो बोरू जाळला, म्हणून आम्ही दोघं भावंडं जगलो. ती मात्र गेली. माणसं वाचवायलाच बांधली होती ना भिंत? मग वाचवली तिनं!”

“पाटी मंजूर झालीय. एक अक्षर बदलणार नाही.”

“बदला कोण म्हणतंय? नाव घाला. लो तिंगफेन.”

“आईची बदनामी करून घेतेस?” साहेब हसले.

“वाळूत पुरलं तिला. वाळू सरकली, जागा कुणाला सांगता येत नाही. तिचं नाव जगात कुठंच लिहिलेलं नाही, साहेब. चोर म्हणून का होईना, लिहा.”

“जास्त बोललीस तर नोकरी जाईल,” म्हणून साहेब गाडीत जाऊन बसले.

ग्वीचिनने बाहीवरची राखणदाराची लाल पट्टी सोडली आणि गाडीच्या खिडकीतून त्यांच्या मांडीवर टाकली. मग पाटी रोवणाऱ्या यानपुढे तिने एक खिळा धरला. इथे नावं कोरणाऱ्या किती जणांना तिने दगड मारून पिटाळलं होतं!

“तुला लिहिता येतं. लिही.”

“साहेब बघतील, काकू.”

“बघू दे मेल्याला.”

यानने खालच्या कोपऱ्यात तिच्या आईच्या नावाची तीन चिनी अक्षरं कोरली. गाडीचा भोंगा वाजत राहिला. ग्वीचिन त्या पाटीसमोर गुडघ्यांवर बसली आणि थडग्यापुढे टेकवतात तसं तिने तीनदा कपाळ वाळूला टेकवलं.