सूप लावलेली कुर्ली

मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली कापडाने झाकून ठेवलेली चाकांची वस्तू आहे ना, ती मी. मी एक जुने यंत्र आहे. मला यंत्रमानव म्हणतात, पण माणसासारखे माझ्यात काहीच नाही. मी बुटकी, रुंद आणि जमिनीला धरून चालणारी, म्हणून मुलांनी माझे नाव कुर्ली ठेवले. कुर्ली म्हणजे आमच्याकडचा खेकडा.

माझा जन्म गोव्यात, डिचोलीजवळच्या सर्वण गावी बाबुरावांच्या अंगणात झाला. बाबुराव मूळचे सिंधुदुर्गातले. खाणीवर ट्रक चालवायला ते डिचोलीकडे आले आणि इथलेच झाले. पुढे खाणी बंद पडल्या आणि ट्रक माडाखाली उभा राहिला. त्यांची मुलगी स्नेहा हिला शाळेतर्फे यंत्रांच्या स्पर्धेत उतरायचे होते. बाबुरावांनी आपल्या आणि शेजाऱ्याच्या ट्रकमधून वायपरच्या मोटरी काढून तिला दिल्या. त्यांवर माझी चाके फिरू लागली.

जमिनीवरचे चेंडू उचलायला पुढे काहीतरी रुंद हवे होते. स्नेहाने घरातले सूप आणून लावले. ते तिच्या आईचे, लक्ष्मीचे होते. आई जाऊन वर्ष होत आले तरी सूप भिंतीला तसेच टांगलेले होते. बाबुरावांनी ते पाहिले. थोड्या वेळाने त्यांनी सुपाची सुटलेली कड तारेने घट्ट बांधून दिली.

स्पर्धा डिचोलीच्या एका सभागृहात होती. तिथे मी जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणजे मला डोळे असते तर असते. तुये गावच्या मुलांचे यंत्र एवढे उंच होते की वर पाहताना माणसांच्या माना मोडत. ते चेंडू वर टांगलेल्या टोपलीत टाकायचे आणि टोपली हलतसुद्धा नसे. त्यांची कप्तान सुविधा. दुसरे तसेच उंच यंत्र कारापूरच्या प्रवीणचे. यांच्यात माझे काय काम, असे मला वाटले.

प्रवीणलाही तसेच वाटले असावे. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "तांदूळ पाखडायला आलीस काय गो?"

"तुम्ही सांडलेलं कोण गोळा करणार मग?" स्नेहा म्हणाली.

सगळे हसले. सुविधा तेवढी हसली नाही. ती माझ्या सुपाकडे पाहत राहिली.

सकाळी प्रत्येक यंत्र एकेकटे खेळले. सुविधा पहिली आली, प्रवीण दुसरा. मला उंच टाकता येत नाही, त्यामुळे मी बरीच खाली राहिले. दुपारी जोड्या ठरायच्या होत्या. पहिल्याने आधी जोडीदार मागायचा, मग दुसऱ्याने. एक नियम कडक होता. बोलावल्यावर जो नाही म्हणेल, त्याला त्या दिवशी कोणीच घ्यायचे नाही. अधिक चांगल्या बोलावण्याची वाट पाहत कोणी बसू नये, म्हणून तो नियम.

सुविधा प्रवीणलाच घेणार असे सगळे धरून चालले होते. पण ती सकाळभर गुणांच्या फळ्याऐवजी मैदानाचे कोपरे पाहत होती. दोन उंच यंत्रे एकाच टोपलीखाली एकमेकांना अडवतील आणि कोपऱ्यातले चेंडू तसेच पडून राहतील, हे तिने ताडले होते. तिने सर्वणचे नाव घेतले.

स्नेहा उठली. लाजून म्हणाली, "नको गो. आमच्यापेक्षा चांगल्यांना घे."

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी सर्वणच्या नावावर रेघ मारली आणि दुसरे नाव विचारले.

मित्रांनो, तिला यायचे नव्हते असे नाही. वर्षभर तिने याचसाठी मला घडवले होते. पण कोणी जेवायला बोलावले तर पहिल्याच शब्दाला पाटावर बसायचे नाही, हे आईने तिच्या अंगी मुरवले होते. समोरचा पुन्हा बोलावतो, मग जायचे. इथे पुन्हा बोलावणार कोण? तिचा चेहरा पांढरा पडला. मागे बाबुराव उभे राहिले आणि काय करावे ते न कळून परत बसले.

सुविधाने परीक्षकांना आमच्याकडची रीत समजावून सांगितली. परीक्षक म्हणाले की सर्व कप्तान कबूल असतील तरच नियम बाजूला ठेवता येईल. एकेक कप्तान हो म्हणत गेला. शेवटी सगळ्यांनी प्रवीणकडे पाहिले. मी बाद झाले तर सुविधा त्यालाच घेणार, हे लहान पोरालाही कळत होते. त्याच्या सोबत्यांनी मागून त्याचा शर्ट ओढला.

त्याने शर्ट सोडवून घेतला. मग म्हणाला, "सर, परत विचारू दे तिला. आमच्याकडे एकदा विचारून कोण पाटावर बसता?"

मी उंच यंत्रे पाहून दिपले होते. त्या क्षणी मात्र मला तो मुलगा त्या सगळ्यांहून उंच वाटला.

सुविधाने पुन्हा विचारले. स्नेहा म्हणाली, "येते."

शेवटच्या खेळात समोर प्रवीणचीच जोडी आली. मी कोपऱ्यांतून सूप भरून आणत होते, तुयेच्या यंत्राच्या पायाशी ओतत होते आणि ते वर टाकत होते. आम्ही थोडक्यात जिंकलो. प्रवीण हरला, आणि ज्या जोडीत तो असू शकला असता तिच्याकडूनच हरला. तरी तो आला. माझ्यापाशी गुडघे टेकून त्याने सुपाची वाकलेली तार सरळ केली.

"पुढच्या वर्षी मी बोलावलं तर लगेच ये हां," तो म्हणाला.

"बघू. दोनदा विचार," स्नेहा म्हणाली.

ती मुले आता मोठी झाली. माझ्या अंगावर धूळ साचते, कधी कोणी पुसते, कधी नाही. नवी यंत्रे माझ्याहून चपळ आहेत आणि त्यांना पाहून मी अजूनही थक्क होते. माझ्या मोटरी लागल्या तर खुशाल काढून घ्या. पण मित्रांनो, जोडीदार निवडाल तेव्हा फळ्यावरचे आकडे पाहून थांबू नका, तो काय करू शकतो ते जवळ जाऊन पाहा. आणि कोणी लाजून मागे सरले तर त्याला आणखी एकदा विचारा. माणूस समोर असतो तोवरच विचारता येते.