सासूबाईंच्या गाडीचे पुढचे टायर

निवृत्त झाल्यावर सासूबाईंनी दोन सिटांची, गडद हिरवी, पोट जमिनीला टेकेल की काय इतकी बुटकी स्पोर्ट्‌स कार घेतली. त्या भूलतज्ज्ञ. "जन्मभर लोकांना झोपवलं, आता मला जरा जागं राहू द्या," एवढंच म्हणाल्या आणि रविवारी रेसट्रॅकवर जाऊ लागल्या.

लेकीने आधी आकांडतांडव केलं, मग एका अटीवर तह केला. हव्या तेवढ्या फेऱ्या मार, पण ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण कधीही बंद करायचं नाही. मागची चाकं घसरायला लागली की गाडीतला कॉम्प्युटर आपणहून इंजिनाचा जोर आवरतो, हे तिला नवऱ्याने समजावलं होतं. तेव्हापासून तो कॉम्प्युटर म्हणजे आईच्या शेजारी बसलेली आपणच, असं तिने धरलं होतं.

नवऱ्याचं, म्हणजे जावयाचं, टायरचं दुकान होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी सासूबाई त्याला "अहो जावईबापू" म्हणत आणि त्यांच्यासमोर तो पाठीत काठी घातल्यासारखा ताठ बसे. दोघांत वाकडं काहीच नव्हतं. बोलायला विषय नव्हता, इतकंच. म्हणून गाडी आल्याचा खरा आनंद त्यालाच झाला. त्याने हौसेने ट्रॅकसाठीचे मऊ रबराचे टायर मागवले आणि वाढदिवसाची भेट म्हणून बसवून दिले. मागचे कंपनीच्याच मापाचे मिळाले. पुढचं माप त्या रबरात निघतच नव्हतं, तेव्हा त्याने एक माप मोठं घातलं. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे तो गिऱ्हाइकांना येता-जाता ऐकवत असे.

पहिल्या रविवारी सासूबाई चार-सहा फेऱ्या मारून आल्या, हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, "छान आहेत हो टायर. अगदी छान."

दोनदा 'छान' म्हटल्यावर त्याला शंका आली. तो वळणाजवळच्या कठड्याला जाऊन उभा राहिला. गाडी वळणातून बाहेर पडताना इंजिन जोर धरी, आणि कुणीतरी नाक दाबावं तसा तो आवाज मध्येच गुदमरे. प्रत्येक फेरीत, त्याच जागी.

"आई, तो ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लागतो का?" त्या आत आल्यावर त्याने विचारलं.

"लागतो थोडा. तुम्ही एवढ्या प्रेमाने आणलेत, म्हणून म्हटलं..."

तो ओशाळला. ओशाळलेला माणूस भलतंच बोलतो, तसा बोलला, "मग बटण बंद करून टाका ना. तिला सांगतंय कोण?"

"अरे गाढवा!" सासूबाई कडाडल्या. "शब्द दिलाय मी तिला! मॉनिटर बोंबलायला लागला की आम्ही काय मॉनिटर बंद करत होतो? आधी पेशंट बघायचा, मग त्याच्या बोटाचा चिमटा नीट बसलाय का ते बघायचं. बघ नीट, काय बदललंस तू?"

शेजारच्या गाडीवाल्याने वळून पाहिलं. जावयाचे कान तापले, पण मनात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. इतकं मोकळं या बाई त्याच्याशी कधी बोलल्याच नव्हत्या. सासूबाईंच्या मात्र ते ध्यानातही आलं नव्हतं. त्या गुडघे टेकून चाकाकडे बघत होत्या.

"पुढचे टायर बदलले," तो म्हणाला. "एक माप मोठे..." आणि थांबला. "आई, ते नुसते रुंद नाहीत, उंचही आहेत."

"मग?"

"उंच चाक कमी वेळा फिरतं. म्हणजे पुढची चाकं सावकाश, मागची भरभर. कॉम्प्युटरला वाटतं मागची घसरली. घसरत काहीच नाहीये!"

"म्हणजे नाकापेक्षा मोती जड," सासूबाई म्हणाल्या. "खडू आहे?"

त्याने पुढच्या चाकावर खडूने खूण केली. सासूबाईंनी स्टिअरिंग सरळ धरलं, त्याने मागून ढकललं. चाकाचा एक पूर्ण फेरा झाल्यावर जमिनीवरचं अंतर टेपने मोजलं. मग तसंच मागच्या चाकाचं. पुढचं चाक एका फेऱ्यात तीन बोटं जास्त चाललं होतं. दुकानात उतरवून ठेवलेल्या मूळ टायरांत हाच फरक नखाएवढा निघाला.

पुढचं लहान माप मिळणार नव्हतं, तेव्हा मागचं वाढवायचं ठरलं. सासूबाई दुकानात स्टुलावर बसून टायरचा तक्ता वाचू लागल्या. "हा घे की, सगळ्यांत रुंद आहे."

"रुंद आहे, पण बुटका आहे. हा मधला आकडा बघा. बाजूची उंची रुंदीच्या शेकड्यात मोजतात. तीस टक्के म्हटल्यावर हा आपल्या आत्ताच्यापेक्षाही खाली बसेल. दुखणं वाढेल."

"मग त्याच्या आधीचा? पस्तीसवाला?"

त्याने आकडेमोड केली. पुढच्याशी जवळजवळ बरोबर जुळत होता. तरी छापील मापावर त्याने भरवसा ठेवला नाही, कारण माप एकच असलं तरी दोन कंपन्यांचे टायर सारखे निघतीलच असं नाही. टायर आणून रिमवर चढवले, पुन्हा खडू, पुन्हा टेप. फरक नखाएवढाच. वरच्या पत्र्याला घासत नाहीत ना, हेही हात घालून पाहिलं. बोट जाईल इतकी जागा होती.

रविवारी सासूबाईंनी त्याला शेजारी बसवलं. पहिल्या वळणावर त्याचं पोट बरगड्यांना जाऊन भिडलं. वळण सुटलं, त्यांनी पाय दाबला, आणि गाडी कुठेही न अडखळता सरळ रेघेत सुटली. पिवळा दिवा गप्प. दुसरं वळण, तिसरं, गप्प.

मग एका वळणावर सासूबाईंनी जरा जास्तच हौस केली. मागचं चाक कडेच्या मातीवर गेलं, गाडीचा मागचा भाग झुलला, दिवा लुकलुकला, इंजिन क्षणभर दबलं आणि गाडी सावरून रस्त्यावर आली. जावयाने दोन्ही हातांनी सीट धरली होती.

"बघितलंस? आता खरं बोलला!" सासूबाई हेल्मेटच्या आतून हसत ओरडल्या.

आत आल्यावर तो आधी चारही टायरांवर तळहात ठेवत फिरला. रबर छान तापलं होतं. त्याने हवा तपासली, मागच्यांची थोडी सोडली. सासूबाईंनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला. शेजारचा गाडीवाला येऊन मागच्या टायरचं माप विचारू लागला, तर जावयाच्या आधी त्यांनीच सांगायला सुरुवात केली, मधल्या आकड्यासकट. तो कठड्यावर बसून चहा पीत ऐकत राहिला. एके ठिकाणी त्या चुकल्या, पण त्याने मध्ये तोंड घातलं नाही.