शेवटी चालणारा वाटाड्या

बायको वाटाड्या होती म्हणजे नवऱ्यालाही वाट पाठ असणार, असं ट्रेकिंगच्या कचेरीतल्या बाई धरून चालल्या होत्या, आणि त्यानेही तोंडातून ब्र काढला नाही. खोटं तसं नव्हतंच. त्या घळीतून तो अर्ध्या आयुष्यभर येत-जात होता. फक्त नेहमी सगळ्यांच्या शेवटी.

बायको पुढे, पाहुणे मधे आणि हा मागे, अशी त्यांची पद्धत. कोणी दमलं की त्याची सॅक आपल्या पाठीवर घ्यायची, कोणाच्या बुटाची नाडी सुटली की बांधून द्यायची, फोटो काढत रेंगाळणाऱ्यांना गोड बोलून पुढे हाकायचं. पाहुणे त्याला कौतुकाने ‘शेपूट’ म्हणत. पुढून बायकोची हाक यायची. डोक्यावर कडा आला की ‘डोकं!’, भिंतीतला तारेचा दोर धरायचा असला की ‘हात!’, वाट ओली असली की ‘पाणी!’ प्रत्येकाने ती हाक मागच्याला द्यायची. शेपटापर्यंत ती पोचली की शेपूट ‘आलं!’ म्हणून ओरडायचं.

हिवाळ्यात ती गेली. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. बोलायला बसलं की चहा गार व्हायचा.

मग कचेरीच्या बाई आल्या. “एक गट तुम्ही स्वतः पलीकडे नेऊन दाखवा. नेलात तर हंगाम तुमचा. नाहीतर खालच्या गावातली पोरं टपून बसलीच आहेत.” पायथ्याच्या दोन खोल्या कचेरीच्याच होत्या. काम गेलं की खोल्या गेल्या, आणि मग शहरात मुलाकडे सातव्या मजल्यावर राहायचं. मुलगा गुणाचा होता, सूनही. पण त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची.

मागे चालायला माणूस हवं म्हणून त्याने मेहुणीला गळ घातली. ती मंडईत भाजी विकायची.

“भावजी, मला डोंगरातलं ओ की ठो कळत नाही.”

“तुला नुसतं मागे राहायचंय.”

“मंडईत लोक माझ्यासमोर रांग लावतात. मी कोणाच्या मागे उभी राहिलेली नाही आजवर.”

“एकच दिवस.”

“एक दिवस ताईसाठी,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी अर्धाच आले असते.”

गटात एक दाताची डॉक्टरीण होती, तिची आई होती, आणि गळ्यात नकाशा अडकवलेले एक निवृत्त गृहस्थ होते, ज्यांना सगळे पहिल्या तासातच ‘नकाशेवाले’ म्हणू लागले. सकाळी सगळे घळीत शिरले. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, खाली पांढरं खळाळतं पाणी, आणि कड्याच्या पोटात कोरलेली पूर्वीच्या मीठवाल्यांची वाट. दगडात खेचरांच्या खुरांनी पडलेले खळगे अजून होते. त्यात पाऊल ठेवलं की बरोबर बसायचं.

“ही वाट खेचरासाठी कोरलीय,” त्याने मागे वळून ऐटीत सांगितलं. “पाठीवरच्या गोणीएवढीच उंची ठेवलीय. माणसाच्या डोक्याचा विचार कोणी केला ना—”

आणि त्याचं डोकं कड्यावर आपटलं.

“डोकं,” डॉक्टरणीची आई शांतपणे म्हणाली. “शेपूट पुढे लावलं की असंच व्हायचं.”

सगळे हसले, तोही हसला. पण मनातून त्याची पाचावर धारण बसली होती. पुढे नुसती रिकामी वाट. इतकी वर्षं समोर कोणाची तरी पाठ असायची, रंगीत सॅक असायची. सवयीने तो सारखा मागे बघायचा आणि ठेचकाळायचा.

कड्यावरून झरा ठिबकतो तिथे वाट फुटली. एक खाली, रुंद. एक मधल्या चिरेतून. एक वर, पायऱ्यांची. तो बघतच राहिला. हा फाटा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

“इथे पाटी असेल ना?” नकाशेवाल्यांनी विचारलं.

“असायची,” तो म्हणाला, आणि बर्फाच्या लोंढ्याने मोडलेल्या खांबाचा खुंट दाखवला. पाटीवर काय लिहिलं होतं ते त्याला सांगता आलं नसतं. मग रुंद वाट बरी दिसते म्हणून त्याने खालची धरली. ती वळणावर कडा ढासळून संपली होती. पुढे हवा. सगळे मागे फिरले.

झऱ्यापाशी मेहुणी कंबरेवर हात ठेवून उभी होती. “भावजी, खरं सांगा. इथून तुम्ही गेला आहात ना?”

“शेकडो वेळा.”

“मग?”

“इथे पाणी पडतं. लोक रेनकोट काढतात, कोणाची चेन अडकते, कोणाचा बूट भरतो. मी इथे नेहमी वाकलेलो असायचो. वर बघेपर्यंत रांग पुढे गेलेली असायची, मी तिच्या मागे.”

मेहुणी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. “अहो, सगळा डोंगर तुम्ही लोकांच्या नाड्या बांधत पाहिलात?”

“नकाशात ही घळ माझ्या नखाएवढी आहे,” नकाशेवाले म्हणाले. “फाटे नाहीतच. दोन वाटा उरल्या. एक निवडू, पण चुकली तर दिवस गेला. परत फिरलेलं बरं.”

परत फिरायचं म्हणजे सातवा मजला. तो झऱ्याखाली जाऊन, जिथे तो नेहमी वाकायचा तिथेच वाकून उभा राहिला. डोळ्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं. कानांना होतं. इथे वाकलेला असताना बायकोची ‘हात!’ अशी हाक यायची, आणि ती समोरून यायची नाही. डाव्या खांद्यामागून, पाण्यापलीकडच्या कड्यावर आपटून यायची. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो दर वेळी डावीकडे बघून फसायचा.

“तू जा,” तो मेहुणीला म्हणाला. “आधी मधल्या वाटेने, मग वरच्या. पहिल्या वळणापर्यंतच. तिथून ओरड.”

“काय ओरडू?”

“काहीही.”

ती मधल्या चिरेत गेली. “टोमॅटोऽऽ!” आवाज सरळ समोरून आला, घोंगडीतून आल्यासारखा.

“नाही. वरची.”

ती कुरकुरत पायऱ्या चढली, वळणाआड झाली. जरा वेळ नुसतं पाणी ऐकू आलं. मग डाव्या खांद्यामागून, अगदी कानाशी, “बटाटेऽऽ!”

तो डावीकडे वळला. डॉक्टरीणही वळली, तिची आईही. तिकडे ओला कडा होता फक्त.

बहिणींचे आवाज सारखे असतात हे त्याला माहीत होतं. मंडईत, घरात, फोनवर ते इतके सारखे कधी वाटले नव्हते. तो दगडावर बसला, बुटात खडा गेलाय म्हणाला, बूट काढून झटकला. खडा नव्हता. डॉक्टरणीची आई शेजारी येऊन बसली आणि काही न विचारता तिने पाण्याची बाटली पुढे केली.

“वरची,” पाणी पिऊन तो म्हणाला. “वरचीच.”

मेहुणी खाली यायला लागली, तेव्हा त्याने हात वर केला. “तिथेच थांब. तू पुढेच चाल. मी मागे जातो.”

“मला वाट कुठे माहितीय?”

“मला मागून माहितीय. मी सांगेन ते ओरड.”

तो रांगेच्या शेवटी गेला आणि समोर पाठी दिसताच त्याचा जीव भांड्यात पडला. आता सगळं आठवत होतं. पाण्याचा आवाज दबला की पुढे कडा खाली येतो. शेवटच्या माणसाच्या पायाखाली माती लागली की सगळ्यात पुढचा माणूस दोर धरतो. तो मागून सांगायचा, निरोप रांगेतून पुढे जायचा आणि मेहुणी मंडईच्या आवाजात तो परत मागे फेकायची. “डोकंऽऽ! ताजं ताजं डोकंऽऽ!” नकाशेवाल्यांनी नकाशा सॅकमध्ये टाकला. हसण्याच्या नादात नकाशा पाण्याने भिजायला लागला होता.

पलीकडच्या पुलावर कचेरीच्या बाई जीप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माणसं पाहिली, मग रांगेच्या तोंडाशी असलेली भाजीवाली पाहिली.

“पुढे कोण होतं?”

“मी,” मेहुणी म्हणाली.

“आणि वाटाड्या?”

“मागे.”

“नियमाने वाटाड्या पुढे असतो.”

“आमचा मागे असतो,” डॉक्टरणीची आई म्हणाली. “पुढे ठेवून पाहिला आम्ही. त्याच्या डोक्याला टेंगूळ आलंय, बघा हवं तर.”

बाईंनी खरंच टेंगूळ पाहिलं. मग त्याच्याकडे, मग मेहुणीकडे. “शनिवारी गट आहे. दोघं याल?”

“शनिवारी माझी मंडई असते,” मेहुणी म्हणाली.

मेहुणीने त्याच्याकडे पाहिलं, पुलाखालच्या पाण्याकडे पाहिलं, आणि पुलाच्या कठड्यावर बसून आपले गुडघे चोळले.

“रविवारी नेत असाल तर येते,” ती म्हणाली. “आणि आधी कोणीतरी मला त्या जीपमध्ये चढवा.”