व्याह्यांच्या गिरणीची केबल

“पाव्हणं, तुमी नुसतं व्हय म्हना. बाकी आमी बगतो.”

महालिंगप्पा सकाळपासून हेच सांगत होते, इतकं की सिद्रामप्पा वायरमनला वीज जोडायला दिलेल्या स्वतःच्याच नकाराची शंका येऊ लागली. व्याही माणूस. लेक त्यांच्या घरात, म्हणजे आपली मान त्यांच्या हातात.

बेंबळीत महालिंगप्पांच्या पिठाच्या गिरणीचं दुपारी उद्घाटन होतं. मांडव तयार, जंगम महाराज येऊन बसलेले. आणि आदल्या दिवशी चर खणताना जेसीबीनं जमिनीखालची केबल फाडलेली. महालिंगप्पांनी फाटक्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर विभूतीचे तीन पट्टे ओढले होते. त्यामुळे केबल बरीच सात्त्विक दिसत होती.

इन्सुलेशन तपासायचा मेगर कोरड्यात लावला तर सगळं ठणठणीत. मंडळी खूश झाली. पण केबल जायची गोठ्याखालून, आणि गोठा कोरडा कधी नसतो. सिद्रामप्पांनी अख्खी केबल उपसायला लावली आणि टोकं बाहेर ठेवून हौदात बुडवली. मग पाणी मुरेपर्यंत हौद ते मांडव, मांडव ते हौद, अशा येरझाऱ्या सुरू केल्या. मागोमाग व्याही. महाराज अधूनमधून मुहूर्ताची आठवण देत होते.

पुन्हा मेगर लावला. काटा शून्याला चिकटला, म्हणजे ओल्यात वीज गळणार.

“मशीन जुनं आसंल,” महालिंगप्पा म्हणाले.

“आसंल. पर पानी आतून लई लांब गेलंय. तेवढा तुकडा काढून भागायचं न्हाय.”

“आजच्यापुरती तरी चालंल की.”

“चालंल. गोठ्यात धारा कोन काढतं?”

धारा दीपमाला काढायची, सिद्रामप्पांची लेक.

तरी महालिंगप्पांनी शेवटचं सुचवून पाहिलं: आज जोडू, उद्या बदलू. याच तत्त्वावर सिद्रामप्पांनी आयुष्यभर निम्मा तालुका उजेडात ठेवला होता, त्यामुळे तो उद्या कधी उगवतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून करवत काढली आणि केबलचे हातहातभर तुकडे करायला बसले.

“पाव्हणं, नाक कापलं तुमी आमचं.”

“व्हय,” ते म्हणाले. करवत थांबली नाही.

नारळ फुटला, गिरणी फिरली नाही. लोकांनी दळायला आणलेली ज्वारी तशीच परत नेली. सिद्रामप्पांना कुणी जेवायला बसा म्हटलं नाही. ते एसटीकडं निघाले, तशी दीपमाला भाकरी बांधून घेऊन गोठ्यातून धावत आली, अनवाणी, चिखलानं भरलेल्या चरातून. तिथं आता केबल नव्हती. तरी ती चर ओलांडेपर्यंत सिद्रामप्पांनी श्वास सोडला नाही.