मधली चकती

कामागुएइ शहराच्या अंधजन संस्थेतील संगणक इतका जुना होता की त्याची कार्यप्रणाली ज्यांनी घडवली, त्यांनीही तिच्यावरचा हात कधीच काढून घेतला होता. आम्ही मात्र तिला जपत होतो. कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारे आमचे एकमेव यंत्र केवळ तिचेच ऐकत असे. संस्थेचे वाचनालय माझ्याकडे असल्याने संगणक आणि यंत्र, दोहोंवरची धूळ मीच पुसत असे.

एलोइना आग्वेरो जन्मांध. शहरातील गायकवृंद त्यांनी आयुष्यभर कानाच्या बळावर सांभाळला. एकदा ऐकलेली रचना त्यांच्या ठायी जशीच्या तशी वसे. अलीकडे मात्र ते श्रवण मंदावले. वरचे सूर हरवू लागले. संगीतकारांची संरक्षक मानल्या जाणाऱ्या संत सेसिलियाच्या सणासाठी नवी रचना आली, ती त्यांना ऐकून उमगेना. तेव्हा सुरावट बोटांखाली मिळाली तरच वृंद आपल्याकडे ठेवायचा, अन्यथा मारेलिस या शिष्येच्या हाती सोपवायचा, असे त्यांनी ठरवले.

सुरावटीचे ब्रेल करणारा प्रोग्राम इंटरनेटऐवजी दर आठवड्याला हार्ड डिस्कवर घरोघर फिरणाऱ्या फायलींच्या गठ्ठ्यातून आला. परंतु तो ज्या रनटाइमच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या आधाराच्या, पायावर उभा राही, तो आमच्या कार्यप्रणालीहून पुष्कळ अलीकडचा होता. सुरू होताच तो तिची आवृत्ती विचारी आणि उत्तर ऐकून मिटून जाई.

अर्सेनियो मोटारींपासून संगणकांपर्यंत सारे दुरुस्त करीत असे. त्याने पडदा पाहिला.

"काय विचारतोय रे तो?" एलोइनाबाईंनी विचारले.

"वय विचारतोय, माएस्त्रा," तो म्हणाला. गुरुबाई म्हणून सारे त्यांना माएस्त्राच म्हणत.

"मग सांग की चोरून. मी तर केव्हापासून सांगतेय."

"तेच करतो. सरकारी खिडकीमागचा माणूस जे ऐकायला बसलेला असतो, तेच सांगायचं. इथं दुसरं काय चालतं?"

त्याने कार्यप्रणालीच्या अंतरंगातील आवृत्तीचा आकडाच बदलला. रनटाइम प्रसन्न होऊन उघडला. मग कार्यप्रणालीच्या जुन्या घरात नसलेली एक सोय मागून कोसळला. ते एक वेळ चालले असते. पण ब्रेलचे यंत्रही मूक झाले. आपला धनी बदलला, असेच जणू त्यास वाटले. अर्सेनियोने आकडा पूर्ववत केला, तेव्हा यंत्र पुन्हा बोलू लागले आणि प्रोग्राम पुन्हा मिटला.

"म्हणजे हा नाही तर तो," एलोइनाबाई शांतपणे म्हणाल्या. "मारेलिसला निरोप द्यायला हवा."

त्यांना न्यायला त्यांचा भाऊ रिगोबेर्तो आला होता. दाराशी त्याची आजोबांच्या काळातील अमेरिकन मोटार, प्लिमथ, धडधडत होती. तिच्या पोटात कोरियन डिझेल इंजिन होते, आणि ते अर्सेनियोनेच बसवले होते.

"काय कोंपाय, हरलास दोस्ता?" रिगोबेर्तोने त्याला विचारले.

"गप रे. साऱ्या घराला खोटं सांगितलं, तर घरच बिघडलं."

"माझ्या गाडीला नव्हतं बुवा तू काही सांगितलंस. अजून ती स्वतःला प्लिमथच समजते. पेट्रोल पंपावर तोराही तसाच असतो तिचा."

अर्सेनियो हसला नाही. बाहेर जाऊन त्याने गाडीचे झाकण उघडले आणि बराच वेळ आत पाहत उभा राहिला. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये त्याने स्वतः लेथवर कातलेली एक पोलादी चकती होती. एका अंगाची भोके कोरियन, दुसऱ्या अंगाची अमेरिकन.

"माएस्त्रा," परत येत तो म्हणाला, "निरोप गुरुवारपर्यंत राहू द्या."

त्याने कार्यप्रणालीस पुन्हा स्पर्श केला नाही. एक छोटासा मध्यस्थ लिहून तो केवळ त्या प्रोग्रामच्याच कप्प्यात ठेवला. रनटाइम जे काही मागे, ते प्रथम या मध्यस्थाकडे येई. आवृत्ती विचारली, तर हवी ती तो सांगे. जुन्या घरात नसलेली सोय मागितली, तर तेथील जुन्याच साधनांनी ते काम तो उरकून देई. उरलेले मुकाट्याने पुढे धाडी. या व्यवहाराचा यंत्रास गंधही नव्हता.

गुरुवारी सकाळी यंत्र खडखडू लागले. पान पुरे होताच प्रोग्राम मिटला. अर्सेनियोने तो पुन्हा उघडला. आणखी एक पान निघाले आणि तो पुन्हा मिटला.

"एवढं नाही जमलं," तो म्हणाला. "प्रत्येक पानाला दम लागतो त्याला."

"ओळ संपली की माझी गाणारी माणसंही थांबतात, पोरा. घेऊ दे त्याला श्वास."

एलोइनाबाईंची बोटे पहिल्या पानावरून उजवीकडे सरकत होती. ओठ हलत होते. स्वर मात्र बाहेर येत नव्हता. एका जागी बोटे मागे आली, पुन्हा पुढे गेली. त्यांना जे वरचे सूर ऐकू येत नव्हते, ते तेथे होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मारेलिसला सांगा, आजची तालीम मीच घेणार. आणि तिला म्हणावं, उशीर करू नकोस, वरचा सूर तुझ्याकडे आहे."