जिजाबाईंची मोजणी

जिजाबाईंनी सून पूर्वी हिच्या ताटात भाकरी वाढली आणि वाटीतली कैरीची सर्वांत मोठी फोड उचलून तिच्यापुढे ठेवली.

"खा. या दिसांत आंबट लागतंय."

"कुठल्या दिवसांत, आई?"

"मना काय डोले न्हाय? चार म्हैने जालं, तू बाजूला बसली न्हाय. आंगानं पन भरलीस."

मुर्धा गावातल्या त्या घरात सून पाळीचे चार दिवस अजून देव आणि चूल सोडून बसत असे. त्यामुळे जिजाबाईंना कधी काही विचारावं लागत नसे.

पूर्वीने ताट थोडं बाजूला सारलं. सहा महिने ती आणि तिचा नवरा सुयोग घरात सांगत होते, गोळ्या थायरॉईडच्या आहेत. आज सुयोग दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट आणायला गेला होता.

"आई, पाळी गोळ्यांनी थांबलीय. वजनपण त्यानंच वाढलंय. पिशवीचा कॅन्सर आहे."

"कुनाला?"

"मला."

जिजाबाई हातातली भाकरी मोडत राहिल्या. तुकडे झाले, तरी त्यांचेही तुकडे करत राहिल्या.

"तीस वर्साच्या बाईला?"

"होतो. लवकर कळला म्हणून पिशवी काढली नाही. गोळ्यांनी गेला तर एक मूल होऊ द्यायचं, लगेच. दर तीन महिन्यांनी आतलं खरवडून तपासतात. मागच्या वेळी कमी झाला होता."

तेवढ्यात फोन आला. पूर्वीने तो कानाला लावला आणि उभी राहिली.

"वाढलाय," सुयोग म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आता थांबायचं नाही."

"काढायची?"

"पुढच्या सोमवारी. तू जेवलीस का?"

"जेवतेय."

फोन ठेवून ती पुन्हा पाटावर बसली.

दारात शेजारची चंपा आली. तिच्या हातात झाकलेली थाळी होती, तांदळाच्या पिठाच्या गरम पोळ्यांची.

"कुठं हाय आमची पोटुशी? जिजे, बारसं मोठं करशील ना? का सुयोगच्या लग्नासारखा मदीच भात संपंल?"

पूर्वीने मान खाली घातली. जिजाबाई उठून दाराशी गेल्या.

"न्हाय गं चंपे. माजीच मोजनी चुकली."

"अगो, सगल्या गल्लीत सांगत फिरलीस तू!"

"फिरले. म्हातारी जाले, दिस मोजाला येत न्हाय."

"घाई जाली तुला आजी व्हायची," चंपा हसली.

"जाली," जिजाबाई म्हणाल्या.

थाळी ठेवून चंपा गेली. जिजाबाई दारालाच टेकून उभ्या राहिल्या.

"मना सांगाचं व्हतं गं पोरी. मी चार घरांत सांगून आले."

"मला माहीत होतं, आई."

"मंग बोलली का न्हाय?"

पूर्वी बोटाने ताटाची कड पुसू लागली.

"तुम्ही मला जड उचलू देत नव्हता. मधेच काहीतरी खायला आणून ठेवायचात. मलापण वाटायचं, असू दे अजून थोडे दिवस."

गल्लीतल्या नळाला पाणी आलं. बायकांचे आवाज, भांड्यांचे आवाज सुरू झाले. पूर्वी पदर खोचून उठली आणि तिने हंडा उचलला.

जिजाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि त्या एकट्याच नळावर गेल्या.