गुणी पेशंट

सूनबाईंनी जरा विश्रांती घ्यावी म्हणून सगळं घर त्यांच्या मागे लागलं होतं, आणि बाई काही ऐकत नव्हत्या. सासूबाईंना विसरण्याचा आजार. त्यांचं आंघोळपाणी, गोळ्या, त्या बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून दाराकडे लक्ष, हे सगळं एकटीने करता करता साठीला टेकलेल्या सुनेचा पार पिट्टा पडला होता. डॉक्टरांनी दटावलं, "अशाच राबलात तर सासूबाईंच्या आधी तुम्हीच अंथरूण धराल." म्हणून नवऱ्याने एका संस्थेतर्फे आठवड्यातून एक दुपार घरी येणारी मदतनीस लावली. पहिलीला सूनबाईंनी टॉवेल कसा पिळायचा हे शिकवून पिटाळलं. दुसरीच्या पाठीशी उभ्याच राहिल्या, ती रडत गेली. मग संस्थेने कळवलं, तिसरी पाठवतोय. हिलाही घालवलंत तर आमच्याकडे चौथी नाही.

तिसरीला दार उघडलं सासूबाईंनी. जन्मभर हेडमास्तरीण! आजार झाला म्हणून थाट थोडाच जातोय? कपडे इस्त्रीचे, केस चापूनचोपून, आवाज खणखणीत. "या. उशीर केलात."

मागे सोफ्यावर रात्रभर जागलेल्या सूनबाई. गाऊन उलटा, केसांचं घरटं, आणि टीव्हीचा रिमोट कानाला लावून "हॅलो, हॅलो" चाललेलं. आता तुम्हीच सांगा, त्या बिचारीने काय समजावं?

"कधीपासून असं?" मदतनीस बाईने सासूबाईंना हळूच विचारलं.

"फार दिवस झाले." सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "जेवत नाही, झोपत नाही, सारखी माझ्या मागे मागे. जीव तुटतो हो माझा."

सूनबाई ताडकन उठल्या. "अहो, पेशंट मी नाही! या आहेत!"

इथेच सगळी गोची झाली. संस्थेचा पहिला धडाच असा की विसरणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही, म्हणेल त्याला हो म्हणायचं. "हो तर, याच पेशंट," मदतनीस गोड हसली. "आपण तोंड धुऊ या हं?"

"अहो, हे घर मी सांभाळते!"

"तुम्हीच सांभाळता. तुमच्याशिवाय आहे कोण? हात द्या बरं."

"आणि हट्ट नको," सासूबाईंनी मागून दम भरला.

सूनबाई आणखी बरंच भांडल्या असत्या. पण मानेवर गरम पाण्याचा टॉवेल आला आणि मान आपोआप मागे टेकली. मग ती बाई हलक्या हाताने केसांतला गुंता सोडवायला लागली. आपले केस शेवटचे दुसऱ्या कुणी कधी विंचरले होते? आठवेना. सूनबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी खरं सांगायचा नादच सोडला. लबाडी म्हणा हवं तर! सूपचा चमचा आला, त्यांनी गुमान तोंड उघडलं. सासूबाईंनी अंगावर पांघरूण घातलं, "झोप आता," म्हणाल्या, आणि घटकाभरात घोरण्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत पोचला.

नवरा कामावरून आला तेव्हा मदतनीस आणि सासूबाई पत्ते खेळत होत्या. सासूबाई बिनदिक्कत लांडीलबाडी करत होत्या.

"श्श! पेशंट झोपल्यात," मदतनीस कुजबुजली. "इतकी गुणी पेशंट मी बघितली नाही."

नवऱ्याने आईकडे पाहिलं, आत डोकावून बायकोकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसला. त्याने खरा प्रकार सांगितला तशी मदतनीस बाईने कपाळावर हात मारला. "अगं बाई! आता कुठल्या तोंडाने येऊ मी परत?" तिने पिशवी उचलली.

नवरा धावत आत गेला. आता ही उठणार, आकाशपाताळ एक करणार, आणि चौथी तर मिळणारच नाही. "अगं, ती चाललीय. तिने तुलाच पेशंट..."

"माहीत आहे मला."

"मग काय सांगू तिला?"

सूनबाईंनी एक डोळा उघडला. "पुढच्या आठवड्यात नक्की ये म्हणावं. आईंना कसं सांभाळायचं ते तिचं ती बघेल, मी मध्ये पडणार नाही. आणि जाताना दार ओढून घ्या. पेशंटची झोपमोड होते."